कॅमेरा दिसला की आई ताठ बसते: रोजचं जगणं टिपणाऱ्या आधीच्या बायकांनी यावर काय केलं?

उन्हाची_तिरीप (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने मी आईचं रोजचं काम टिपतेय. थोडे फोटो, थोडे व्हिडिओ. आई आयुष्यभर शिवणकाम करत आली. आता नजर अधू झाली आहे, तरी दुपारी मशीनवर बसतेच. सुईत ओवायच्या आधी दोऱ्याचं टोक ओलं करून दोन बोटांत चपटं करते. कात्री कायम उजव्या मांडीखाली सरकवून ठेवते, म्हणजे शोधावी लागत नाही. कापड आधी वितीने मापते आणि मग टेप लावून खात्री करून घेते. हे सगळं मला जसंच्या तसं हवं आहे.

अडचण अशी, की कॅमेरा दिसला की यातलं काहीच उरत नाही. आई केस सारखे करते, पाठ सरळ करते, हात थांबवते आणि म्हणते, "हं, काढ." दाराआडून गुपचूप काढले तर फोटो चांगले येतात, पण नंतर ते बघताना मला अपराधी वाटतं. त्यात भावाचा प्रश्न असतोच: रोज शिवते ती, त्यात टिपण्यासारखं काय आहे?

माझ्या आधी किती तरी बायकांनी घर, गल्ली, शेत, रोजची कामं यांच्याकडे कॅमेरा वळवला असणार. त्यांची नावं शोधली की याद्या मिळतात, जन्मसाल आणि पुरस्कार मिळतात. मला हवी आहे त्यांची कामाची रीत. समोरचं माणूस अवघडलं की त्या काय करायच्या? छायाचित्रकार आणि चित्रपट करणाऱ्या, दोघींबद्दल सांगा.

---

पाणवठा

थोडक्यात यंत्रापुरतं सांगतो. हेलन लेविटने १९३०-४० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर खेळणारी मुलं, पायऱ्यांवर बसलेल्या बायका, खडूने फुटपाथवर काढलेली चित्रं टिपली. तिच्या लायका कॅमेऱ्यावर काटकोनात बघता येईल असा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची काच) लावलेला असायचा. ती एका दिशेला तोंड करून उभी राही आणि फोटो दुसऱ्याच दिशेचा निघे. व्हिव्हियन मायरकडे रोलीफ्लेक्स कॅमेरा होता. तो पोटाशी धरून वरून खाली बघायचं असतं, त्यामुळे समोरच्याच्या आणि आपल्या चेहऱ्यामध्ये कॅमेरा येत नाही.

तुमच्याकडे मोबाइल किंवा उलगडणारा स्क्रीन असलेला कॅमेरा असेल तर हे सहज जमेल. कॅमेरा मांडीवर किंवा टेबलावर ठेवा, शटरचा आवाज बंद करा आणि आईशी बोलत राहा.

---

अंधारखोली

पाणवठा यांनी सांगितलेलं यंत्र खरं आहे, पण मी तिथून सुरुवात करणार नाही. लेविट अनोळखी रस्त्यावर होती. तुम्ही आईच्या खोलीत आहात. तिथे काटकोनी व्ह्यूफाइंडर म्हणजे दाराआडून काढण्याचाच दुसरा प्रकार, आणि ते तुम्हाला आवडत नाही हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे.

मी छायाचित्रण शिकवते. 'यात टिपण्यासारखं काय आहे' हा तुमच्या भावाचा प्रश्न माझ्या वर्गात दर वर्षी कुणी तरी विचारतंच. मग मी मार्गारेट फे शॉचे फोटो दाखवते.

मार्गारेट अमेरिकेत जन्मली, १९०३ साली. संगीत शिकलेली होती आणि गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतली लोकगीतं मुळातून ऐकायची म्हणून १९२९ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या साउथ उइस्ट बेटावर गेली. तिथे पेगी आणि मायरी मॅक्रे या दोन बहिणींच्या लहानशा घरात तिने मुक्काम ठोकला. मुक्काम किती? १९३५ पर्यंत! भाषा त्याच घरात शिकली, गाणी त्याच घरात उतरवून घेतली, आणि त्याच काळात फोटो काढले, फिल्मही चित्रित केली. शेती, जनावरं, जळणासाठी दलदलीतली माती कापून वाळवणं, दारात उभी असलेली माणसं. ते फोटो पाहा. माणसं कॅमेऱ्याकडे बघतात, पण बघतात ती ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी. हा फरक कुठल्याही भिंगाने येत नाही. कॅमेऱ्यामागची बाई सकाळी त्याच चुलीपाशी बसलेली असते, म्हणून तो येतो.

दुसरी जेनी गिल्बर्टसन, माहेरची ब्राउन. ग्लासगोत १९०२ साली जन्मली. १९३० च्या सुमारास १६ मिमीचा फिल्म कॅमेरा घेऊन स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर गेली आणि तिथल्या छोट्या शेतकऱ्यांचं वर्षभराचं जगणं एकटीने चित्रित केलं. सोबत कुणी तंत्रज्ञ नाही. कॅमेराही तिचाच, जुळवाजुळवही तिचीच. 'अ क्रॉफ्टर्स लाइफ इन शेटलंड' हा तिचा चित्रपट १९३१ चा. माहितीपटांच्या क्षेत्रात ज्याच्या शब्दाला तेव्हा वजन होतं त्या जॉन ग्रिअर्सनने तो पाहिला, तिला पुढे करत राहायला सांगितलं आणि नंतर तिच्या फिल्म विकतही घेतल्या.

मला तिच्याबद्दल सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. लग्न, मुली, शाळेतली नोकरी यांत कॅमेरा कित्येक वर्षं बाजूला राहिला. १९६७ मध्ये नवरा गेला, आणि त्यानंतर ही बाई पुन्हा कॅमेरा घेऊन निघाली ती थेट कॅनडाच्या आर्क्टिक भागात. सत्तरी ओलांडल्यावर ग्रीझ फिओर्ड या अगदी उत्तरेकडच्या वस्तीत इनुइट या तिथल्या मूळ रहिवाशांसोबत वर्षाहून जास्त काळ राहिली आणि त्यांचे दिवस टिपले. तिशीत वापरलेली रीत सत्तरीतही तीच होती: जायचं, राहायचं, ऋतू बदलू द्यायचे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हे, की तुम्ही अजून पुरेशा बसलेल्या नाही आहात. आईजवळ रोज कॅमेरा घेऊन बसा, काढायचं असो वा नसो. कॅमेरा टेबलावर उघडा पडलेला असू दे, कात्रीशेजारी. ज्या दिवशी फोटो काढणार नाही त्या दिवशीसुद्धा. आईला आज कॅमेऱ्याची चाहूल लागते, कारण तो 'निघतो'. तो कायम तिथेच असला की निघण्याचा क्षणच उरणार नाही.

आणि हो, मार्गारेटसारखं काही तरी हातात घ्या. ती गाणी लिहून घेत होती. तुम्ही उसवायला घ्या, बटणं लावा. रिकाम्या हाताने बघत बसणारं माणूस कुणालाही अवघडवतं.

---

तिसरी_घंटा

अंधारखोली, जेनीबद्दल वाचून फार बरं वाटलं. मी चित्रपटाच्या बाजूने भर घालते.

आन्येस वार्दा. फ्रेंच, १९२८ ते २०१९. सुरुवात छायाचित्रकार म्हणून, मग पहिला चित्रपट 'ला प्वांत कूर्त' (१९५५). त्यात दोन नट आणि बाकी सेत या बंदराच्या गावातली खरी कोळी कुटुंबं. पण तुमच्या कामाचा चित्रपट दुसराच आहे, 'दागेरोटीप' (१९७६). तेव्हा तिचा मुलगा लहान होता, घर सोडून लांब जाणं शक्य नव्हतं. तिने काय करावं? घरातल्या विजेच्या मीटरला केबल जोडली, सुमारे ९० मीटरची, आणि ठरवलं की ही केबल पोचेल तेवढाच चित्रपट. ती पॅरिसमध्ये दागेर रस्त्यावर राहायची. केबलच्या टप्प्यात होते पाववाला, खाटीक, शिंपी, न्हावी, आणि अत्तरं विकणारं एक म्हातारं जोडपं. तो संपूर्ण चित्रपट त्यांच्या दुकानांत घडतो. गिऱ्हाईक येतं, पाव घेतं, पैसे देतं, जातं. त्या अत्तरवाल्या बाई फारसं बोलत नाहीत, संध्याकाळ झाली की दाराकडे ओढल्या जातात. वार्दा कुठलीही घाई न करता ते बघत राहते.

तुमच्या आईच्या ताठ बसण्याबद्दल मला या चित्रपटातूनच एक सुचतं. वार्दा त्या दुकानदारांना समोरासमोर उभं करते, स्तब्ध, जुन्या स्टुडिओतल्या फोटोसारखं, आणि कॅमेरा चालूच ठेवते. तो रस्ता ज्याच्या नावाचा, त्या लुई दागेरने १८३९ मध्ये जगापुढे आणलेल्या छायाचित्रांत माणसं अशीच निश्चल बसायची. चालू कॅमेऱ्यासमोर निश्चल उभं राहिलेलं माणूस फार काही दाखवतं: पापणी हलते, ओठ दाबले जातात, हात कुठे ठेवावेत कळत नाही. आई "हं, काढ" म्हणते ना, तेव्हा फोटो नका काढू. व्हिडिओ सुरू करा आणि मिनिटभर काहीच बोलू नका. तिला कसं दिसायचं आहे, तेही तिच्या रोजच्या जगण्यातलंच आहे. ते गाळून उरलेलंच 'खरं' असं मला नाही वाटत.

आणि घर सुटत नाही म्हणून काम अडतं, असं कुणी म्हटलं की मी त्या ९० मीटरची आठवण देते.

---

कोरा_कागद

धागा वाचतोय. एका गोष्टीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मूळ प्रश्नातलं 'अपराधी वाटतं' हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं.

डोरोथिया लँगचा १९३६ चा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. कॅलिफोर्नियात निपोमो इथे, मटाराच्या शेतावरच्या मजुरांच्या तळावर तंबूत बसलेली आई, गालाशी हात, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं. अमेरिकेतल्या मंदीचा चेहरा म्हणून तो जगभर छापला गेला. त्या बाईचं नाव लँगने तेव्हा टिपून घेतलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये, लँगच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. आणि आपल्या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही, याचा राग त्या बाईने बोलूनही दाखवला.

लँग बेपर्वा होती असं मला म्हणायचं नाही. तिच्या इतर कामाबरोबर लांबलचक टिपणं असतात, माणसं काय बोलली ते त्यांच्याच शब्दांत लिहिलेलं असतं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ती आयुष्यभर लंगडत चालायची, आणि त्यामुळे लोक आपल्याला जवळ येऊ देतात असं ती मानायची. अशा बाईच्या हातूनसुद्धा नेमक्या त्या एका फोटोत नाव निसटलं, आणि दुरुस्त व्हायला चार दशकं गेली.

दुसरं उदाहरण व्हिव्हियन मायरचंच. शिकागोत लोकांच्या घरी मुलं सांभाळायची, सुट्टीत आणि फिरायला नेलेल्या मुलांसोबत फोटो काढायची. लाखाच्या वर निगेटिव्ह, कित्येक रोल तर धुतलेलेही नव्हते. भाडं थकलं म्हणून २००७ मध्ये तिच्या गोदामातल्या पेट्यांचा लिलाव झाला आणि २००९ मध्ये ती गेली. आज तिची प्रदर्शनं भरतात. ते फोटो मलाही आवडतात. पण ते लोकांसमोर यावेत की नाही, हे तिला कुणी विचारलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे: आईला विचारा. फोटो काढू का, एवढंच नव्हे. हे कुणाला दाखवायचे, कुणाला नाही, आणि मागे कुणाकडे राहायचे, हेसुद्धा.

---

उन्हाची_तिरीप

सगळ्यांचे मनापासून आभार. मी एवढ्या आपलेपणाची अपेक्षा केली नव्हती.

कोरा_कागद, विचारलं. आईने सांगितलं की शिवतानाचे सगळ्यांना दाखव, झोपलेले नको. मी झोपलेले काढलेच नव्हते, पण तिच्या मनात ती भीती होती हे मला आजवर माहीत नव्हतं.

अंधारखोली, एक विचारायचं आहे. काल आईने काजं इतकी सुंदर केली, आणि मी नेमकी दुसऱ्या खोलीत होते. तिला "पुन्हा एकदा करून दाखव" म्हटलं तर ते खोटं ठरेल का? आणि अशा कामांत घरातल्या घरात फोटो काढणाऱ्या बायका कोण? सगळी उदाहरणं बाहेर जाऊन काढणाऱ्यांची आली आहेत.

---

अंधारखोली

आईने 'झोपलेले नको' म्हटलं, हे फार चांगलं झालं. आता ती तुमच्यासोबत काम करते आहे.

आधी दुसरा प्रश्न. देबालिना मजुमदार आणि मनोबिना रॉय, जुळ्या बहिणी, जन्म १९१९. बारा वर्षांच्या असताना वडिलांनी दोघींना एकेक साधा अ‍ॅग्फा कॅमेरा दिला. दोघींनी आयुष्यभर फोटो काढले, घरच्यांचे, नात्यातल्या बायकांचे, प्रवासात भेटलेल्यांचे. मनोबिनांचे यजमान म्हणजे चित्रपट दिग्दर्शक बिमल रॉय. घरात एवढं नावाजलेलं माणूस असताना त्यांचे स्वतःचे फोटो बराच काळ आप्तांच्या अल्बममध्येच राहिले. याच कारणाने घरातल्या छायाचित्रकार बायका याद्यांत सापडत नाहीत. काम अल्बममध्ये असतं आणि अल्बमवर काढणारीचं नाव नसतं.

बाहेर वावरणारीचंही हेच व्हायचं. होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो पती माणेकशॉ यांच्या नावाने छापले गेले. त्यांचा जन्म १९१३ सालचा. पुढे वृत्तछायाचित्रकार म्हणून सगळा देश त्यांना ओळखू लागला, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, आणि आपण त्यांना नेत्यांच्या, समारंभांच्या फोटोंसाठी ओळखतो. पण त्यांची सुरुवात पाहा: कलाशाळेतल्या मैत्रिणी, सहली, शहरातले साधे दिवस. मला ते फोटो समारंभांच्या फोटोंपेक्षा जास्त आवडतात. त्यांतल्या मुली कुणासाठी तरी उभ्या नाहीत, मैत्रिणीसमोर उभ्या आहेत.

यावरून कुणी 'बाईची नजर हळवी असते' वगैरे म्हणू लागलं तर मला पटत नाही. होमाई भले थोरले जड प्रेस कॅमेरे सांभाळत पुरुषांच्या गर्दीत उभ्या राहायच्या, लँग हजारो मैल फिरली. हळवेपणाचा काही संबंध नाही. बायकांना कुठल्या खोलीत शिरता येतं आणि तिथे किती वेळ थांबता येतं, यावर त्यांचे विषय ठरत गेले. तुम्हाला आईच्या खोलीत शिरता येतं. ते भावालाही येतं, पण थांबता आहात तुम्ही.

आता काजांचं. पुन्हा करून दाखव म्हणणं खोटं नाही. जेनी गिल्बर्टसननेच पुढच्या 'द रग्ड आयलंड' या चित्रपटात शेटलंडच्या लोकांना गोष्ट रचून त्यांचंच जगणं करून दाखवायला लावलं. त्यात प्रमुख भूमिका करणाऱ्या जॉनीशी तिने पुढे लग्न केलं. नांगर तोच, हात तेच, फक्त वेळ कॅमेऱ्याची.

मेक्सिकोची छायाचित्रकार ग्रासिएला इतुर्बिदे हिचं उदाहरण याहून उपयोगी आहे. हुचितान गावात बाजारात इगुआना (मोठ्या सरड्यासारखे प्राणी) विकायला आलेली बाई, डोक्यावर जिवंत इगुआनांचा मुकुटच झालेला, १९७९ चा फोटो. तिच्या चेहऱ्यावर राणीसारखा भाव आहे. त्या फोटोची कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलवरच्या सगळ्या चौकटी छोट्या आकारात एकत्र छापलेला कागद, प्रसिद्ध आहे. मी ती वर्गात लावते, कारण तिच्यावर आजूबाजूच्या चौकटींत तीच बाई हसते आहे आणि ते प्राणी जागेवर राहत नाही आहेत. म्हणजे त्या दोघी मिळून काही तरी करत होत्या. बाईने थांबून दिलं, म्हणून फोटो झाला. तो तिचाही आहे.

म्हणून आईला सांगा, "कालची काजं मला बघायची आहेत, परत कर." फक्त तीन गोष्टी पाळा. करताना मध्ये थांबवू नका, काज पूर्ण होईपर्यंत कॅमेरा चालू ठेवा. 'इकडे बघ, हात वर घे' असल्या सूचना देऊ नका. आणि टिपणात लिहा की हे सांगून केलेलं आहे.

टिपणांवर मी अडून बसते. कोरा_कागद यांनी फ्लॉरेन्सच्या नावाचं सांगितलंच. आज तुम्हाला वाटतं, आईबद्दलचं सगळं माझ्या लक्षात राहील. पण हे कापड कुणाचं होतं, मशीन कधी घेतली, दोऱ्याला ती काय म्हणते, हे तुमच्या पुढच्या पिढीला कुठून कळणार? रोज संध्याकाळी पाच ओळी लिहा: तारीख, काय शिवलं, कुणासाठी, आई काय बोलली ते तिच्याच शब्दांत, आणि फोटो कुणी काढला. हो, तुमचं नावसुद्धा. होमाईंच्या बाबतीत काय झालं ते वर लिहिलं आहेच.

चित्रणाचं थोडं. खिडकीचा उजेड आईच्या डाव्या किंवा उजव्या बाजूने येऊ दे, दिवे बंद ठेवा. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या नाही, हातांच्या उंचीवर ठेवा. हातांवर रोखलेला कॅमेरा चेहऱ्यावर रोखलेल्यापेक्षा खूप कमी टोचतो, चेहरा नंतर आपोआप मोकळा होतो. मशीनचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवा, व्हिडिओत तो नीट येत नाही. फोटो आणि व्हिडिओ मूळ आकारातच जपा, कुणाला पाठवताना लहान झालेली प्रत 'मूळ' समजू नका. एक प्रत घरात, दुसरी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

घरात जुन्या निगेटिव्ह किंवा फिल्मच्या डब्या असतील तर त्या आजच उघडून बघा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा पाया विघटित होऊ लागला आहे. ती फिल्म बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, थंड कोरड्या जागी ठेवा आणि लवकरात लवकर स्कॅन करून घ्या, कारण सुरू झालेली ही क्रिया थांबवता येत नाही, फक्त मंदावता येते. तुमच्या आईचे तरुणपणीचे फोटो कुणी काढले होते, हेही तिला याच निमित्ताने विचारा. एखाद्या मावशीचं नाव निघालं तर इथे येऊन नक्की लिहा.